‘ताई, नुसती सही कर’

प्रिय ‘बदली खेळाडू’,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि खरा प्रश्न शेवटच्या पानाच्या तळाला, ताजा कलम म्हणून लिहिलेला. त्याच्याकडे येतेच, पण आधी बाकीच्या वाचकांना तुमची गोष्ट थोडक्यात सांगते. तुम्ही ४६ वर्षांच्या. २२व्या वर्षी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलात. तीन वर्षांत वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि तुम्ही घरच्या छापखान्यात जाऊन बसलात. तिथे नऊ वर्षं गेली. धाकटा भाऊ शिकून आला तशी ‘तू आता मोकळी’ म्हणून निरोप मिळाला. मग दोन वर्षं आईचं आजारपण, तीन वर्षं शाळेचं कार्यालय आणि गेली सात वर्षं मालवाहतूक कंपनीत हिशेब. आता भाऊ म्हणतो, परत ये. तुम्ही विचारता, ‘आयुष्यभर राबले, पण धड कशात मुरले नाही. जाऊ का?’

मुरला नाहीत? तुमच्याच दुसऱ्या पानावर लिहिलंय की फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापायची सोळा पानं, मशीनवर चढला की पहिला कागद तुम्ही हातात घ्यायचात, तीनदा दुमडायचात आणि सोळाही पानं क्रमाने लागतात का ते बघायचात. एकदा सातव्या पानापुढे दहावं आलं, म्हणून मशीन थांबवलंत. कारागीर वैतागला, कागद वाचला. तिसऱ्या पानावर, एकाच फेरीच्या डिझेलची दोन बिलं लागलेली तुम्हीच पकडलीत, म्हणून हिशेबाची जबाबदारी तुमच्याकडे आली. प्रयोगशाळेतही नमुना तपासल्याशिवाय पुढे सोडत नसणारच. २४ वर्षं तुम्ही एकच काम करताय, फक्त खुर्ची बदलत गेली.

मला खटकलं ते वेगळंच. चार पानांत ‘बाबांना गरज होती’, ‘घरात दुसरं कोण होतं’, ‘भावाने सांगितलं’ हे पुन्हापुन्हा येतं. ‘मी ठरवलं’ एकदाच, या वाहतूक कंपनीबद्दल. आणि नेमकी तीच नोकरी सोडायला निघालात!

त्या नऊ वर्षांचा पगारही विचारायचा राहिलाच. ‘लागतील तसे गल्ल्यातून घ्यायचे’ असं लिहिलंयत. त्याला पगार म्हणत नाहीत. त्याची कुठे नोंद नाही, त्यातून शिल्लक पडली नाही. भागीदार म्हणून नाव नव्हतं, त्यामुळे वाटाही नाही. भावाने फसवलं असं मी म्हणत नाही, घराघरांत असंच चालतं. पण कामाचा मोबदला वेगळा आणि मालकीतला हिस्सा वेगळा, आणि तुमच्या हाती दोन्ही आलं नाही.

आता तो ताजा कलम. नवीन मशीनसाठी कर्ज काढायचंय आणि भाऊ म्हणतो, ‘ताई, जामीन म्हणून नुसती सही कर.’ ‘नुसती सही’ हा शब्द ज्याने काढला, त्याने स्वतः कधी केली नसावी. जामीन राहणं म्हणजे हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडून. नोकरी नाही पटली तर सोडता येते, जामीनकी अशी सोडता येत नाही. कर्ज फिटेपर्यंत किंवा कर्ज देणाऱ्याने लेखी मोकळं करेपर्यंत ती मानेवर राहते. नफ्यात तुम्ही नाही, बुडीत मात्र आहात.

तेव्हा हाही कागद आधी दुमडून बघा. तीन वर्षांचे ताळेबंद मागा. येणी किती आणि किती जुनी, ते बघा; वर्षभर न आलेली उधारी कागदावर श्रीमंती दाखवते, हप्ता भरत नाही. नवीन मशीनला पुरेल इतकं काम आज हातात आहे की ‘येईल’ आहे? भाऊ वही दाखवायला कां कूं करू लागला, तर उत्तर मिळालंच म्हणून समजा.

माझं मत विचाराल तर नोकरी सोडू नका आणि सही करू नका. मदत जरूर करा. सुट्टीच्या दिवशी दोन तास जाऊन हिशेब लावून द्या. तरीही जावंसं वाटलं, तर काम काय, पगार किती, सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं की नाही, हे लिहून घ्या. ‘घरात कसलं लिहून घेतेस’ असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या.

आणि नोकरीच्या अर्जात ती नऊ वर्षं ‘घरगुती कारणास्तव’ म्हणून खपवू नका, हे तर अगदी आधी बदला. लिहा: छापखान्याचं व्यवस्थापन, अंदाजपत्रकं, मजुरी वाटप, वसुली, मुद्रितशोधन. आईच्या दोन वर्षांपुढे ‘आईची शुश्रूषा’ एवढंच लिहा, पुढे कारणं देत बसू नका.

भावाला काय सांगू, असंही विचारलंयत. फोनवर नको, समोर बसून सांगा: ‘आधी वह्या दाखव, मग बोलू.’ तो चिडेल. मशीन थांबवलंत तेव्हा तो कारागीरही चिडला होता.

तुमची,
ताई