स्ट्राँबोलीवर गाईड कशासाठी?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र अनेक वर्षे सह्याद्रीत भटकतो आहोत, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडही केला आहे. येत्या मे महिन्यात इटलीला जाणार असून सिसिलीच्या उत्तरेकडील स्ट्राँबोली बेटावरचा ज्वालामुखी चढण्याचा बेत आहे. डोंगर हजार मीटरही उंच नाही आणि वाट मळलेली आहे असे कळते. मग गाईडचा खर्च टाळता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वरच्या टप्प्यासाठी टाळता येणार नाही, आणि टाळण्याचा प्रयत्नही करू नये. स्ट्राँबोली 924 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा कितीतरी ठेंगणा असला, तरी आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला तो थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली आहेत, आणि स्ट्राँबोलीच्या विवरांतून मात्र दर दहा-वीस मिनिटांनी तापलेले दगड आजही उडत असतात. नळीच्या वाटेचा अनुभव तुम्हाला चढणीवर आणि घसाऱ्यावर नक्कीच उपयोगी पडेल. पण तेथील अधिकृत गाईड वाट दाखवण्यासाठी नसतोच. आज कुठपर्यंत जाऊ द्यायचे आहे, हे त्याला प्रशासनाच्या ताज्या आदेशावरून ठाऊक असते, आणि ज्वालामुखीचा आवाज बदलला की गटाला कोणत्या बाजूने खाली आणायचे हेही.

पूर्वी गाईडसोबत थेट माथ्यापर्यंत जाता येत असे. 3 जुलै 2019 रोजी दुपारी नेहमीच्या उद्रेकांच्या तुलनेत प्रचंड मोठा स्फोट झाला, त्यात एका पदभ्रमण करणाऱ्याचा मृत्यू झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा तसाच स्फोट झाला. तेव्हापासून माथा बंद करण्यात आला. त्यानंतरच्या काळात, परवानगी असेल तेव्हा, गाईडसह साधारण 400 मीटरपर्यंत आणि गाईडविना त्याहून बऱ्याच खालपर्यंतच जाऊ दिले जाते. ही मर्यादाही कायमची नव्हे : जुलै 2024 मध्ये इशाऱ्याची पातळी थेट लाल झाली होती. त्याआधी मे 2022 च्या वणव्यात उतारावरची झाडी जळाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील पावसात राखमिश्रित चिखल गावात शिरला. म्हणून जुने प्रवासवर्णन वाचून, त्यातल्या माथ्यावरच्या छायाचित्रांना भुलून बेत आखू नका. नोंदणी करताना, बंदी आल्यास पैसे परत मिळतील का, हा प्रश्न आधी विचारा. दरांची घासाघीस नंतर.

चढाईची फेरी बहुधा सूर्यास्ताच्या बेताने आखतात, कारण लाव्ह्याचा तांबडा फवारा अंधारातच खुलून दिसतो. परतीची उतरण अर्थातच काळोखात असते. हेडटॉर्च, घोट्यापर्यंतचे बूट आणि वाऱ्यासाठी जाकीट हवेच. बुटात शिरणारी बारीक काळी रेती पावलागणिक टोचते, तेव्हा जाड मोज्यांत कंजुषी नको.

माझ्या मते तुम्ही बेटावर किमान दोन रात्री राहावे. सिसिलीच्या मिलात्सो बंदरातून येणाऱ्या बोटी खवळलेल्या समुद्रामुळे अनेकदा रद्द होतात आणि एकाच संध्याकाळी सगळे जुळून येईल याचा भरवसा नसतो. चढाई बंदच असली, तर रात्रीच्या बोटीने शियारा देल फुओको हा काळा उतार समुद्रातून पाहता येतो. विवरांतून सुटलेले निखारे त्यावरून घरंगळत थेट पाण्यापर्यंत येतात. अर्थात बोटींनाही सुरक्षित अंतराचा नियम असतो, आणि समुद्र शांत असावा लागतोच.