‘तात्पुरत्या व्हिसावर जाऊन अडकलो तर?’ : ४९१च्या एका फाइलची गोष्ट

‘पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा घ्यायचा, इथली नोकरी सोडायची, मुलाची शाळा सोडवायची आणि शेवटी त्यांनी पीआर दिलाच नाही तर?’

ऑस्ट्रेलियाच्या रीजनल व्हिसाचा, म्हणजे सबक्लास ४९१चा, विचार करणारं जवळजवळ प्रत्येक घर आमच्याकडे हा प्रश्न घेऊन येतं. पीआर म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना. नाशिकचं एक जोडपंही तोच घेऊन आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा बी.ई. मेकॅनिकल, सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात. वय ३२, तेहतिसावा वाढदिवस चार महिन्यांवर. बायको शाळेत शिक्षिका, मुलगा चार वर्षांचा. एका सल्लागाराने त्यांना ‘तुमचे ९० गुण होतात, काम झालंच समजा’ असं सांगून पहिला हप्ता घेतलेला होता.

भीती खोटी नव्हती, पण ती चुकीच्या टप्प्यावर ठेवलेली होती. सगळी काळजी व्हिसा मिळाल्यानंतरची होती. खरी अनिश्चितता त्याच्या आधी असते, आणि तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

या व्हिसासाठी वय, शिक्षण, अनुभव अशा गोष्टींचे गुण मोजतात. म्हणून आधी ते ९० गुण कागदावर उलगडले. वय २५ ते ३२ मध्ये असल्याचे ३०. पदवीचे १५. आठ वर्षांहून जास्त अनुभवाचे १५. इंग्रजीचे १०. जोडीदाराच्या इंग्रजीचे ५. आणि तिथल्या एखाद्या राज्याने ४९१साठी नामांकन (शिफारस) दिलं तर १५. बेरीज बरोबर होती, पण त्यातल्या तीन रकमा हातात नव्हत्या.

पहिली इंग्रजीची. नवऱ्याचा आयईएलटीएसचा ओव्हरऑल ७.५ होता, पण रायटिंगमध्ये ६.५. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत सरासरीला किंमत नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही विभागांत किमान ७ असतील तरच १० गुण, चारही विभागांत ८ असतील तर २०. एका विभागात अर्धा बँड कमी पडला की शून्य. दुसरी रक्कम बायकोच्या इंग्रजीची. शिक्षिका आहे म्हणजे इंग्रजी येतंच असं धरून सल्लागाराने ५ गुण लावले होते. परीक्षा तिने दिलेलीच नव्हती. तिला चारही विभागांत ६ पुरेसे होते, आणि ५ गुण मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच होता.

तिसरी रक्कम अनुभवाची, आणि हीच सगळ्यात नाजूक. एकूण अनुभव आठ वर्षं चार महिने. त्यातली पहिली दोन वर्षं अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमधली. पगार रोख, पीएफ नाही, फॉर्म १६ नाही, रिटर्नही भरलेला नाही. मालक भला माणूस, लेटरहेडवर हवं ते लिहून द्यायला तयार. पण नुसतं पत्र म्हणजे पुरावा नव्हे. पत्राला तिसऱ्याच कुणाचा तरी आधार लागतो. पीएफचं पासबुक, आयकर रिटर्न, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, यांपैकी काहीतरी. इथे काहीच नव्हतं. ती दोन वर्षं वजा केली की उरतात सहा वर्षं चार महिने, म्हणजे १५च्या जागी १०.

‘अहो, पण ते तर ९० म्हणाले होते ना?’ बायकोने नवऱ्याकडे बघून विचारलं. कागदावर त्या दिवशीची खरी बेरीज होती ७०.

दोन वर्षं सोडायला नवऱ्याचं मन तयार होईना. प्रामाणिकपणे केलेलं काम होतं ते, वाईट वाटणारच. पण त्याचा परिणाम काय होतो ते नीट समजून घ्यायला हवं. व्हिसाचा अर्ज करण्याचं निमंत्रण ज्या गुणांवर येतं ते गुण त्या अर्जात सिद्ध करावे लागतात. दाव्यापेक्षा गुण कमी भरले तर व्हिसा नाकारला जातो. मुख्य अर्जदाराचीच फी साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, आणि ती परत येत नाही. आणि पुरावा ‘तयार’ करून जोडला, तो बनावट निघाला, तर तीन वर्षं बहुतेक सगळ्या व्हिसांचा दरवाजा बंद होऊ शकतो. जे सिद्ध होत नाही ते मोजायचंच नाही, या एका बाबतीत तडजोड करू नये असं आमचं ठाम मत आहे.

पुढचं काम स्किल असेसमेंटचं, म्हणजे शिक्षण आणि कामाच्या तपासणीचं. इंजिनिअरसाठी ते ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्पर मानणाऱ्या कराराचा, सदस्य आहे, म्हणून आपली पदवी आपोआप चालेल असं अनेकांना वाटतं. ती सवलत एनबीए या भारतीय मान्यता मंडळाच्या टियर-१ मान्यतेच्या अभ्यासक्रमांना आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या बहुतेक कॉलेजांना ती लागू होत नाही. मग सीडीआर (आपली क्षमता दाखवणारा अहवाल) लिहावा लागतो. त्यात स्वतः केलेल्या कामावरचे तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्दांचे, आणि सोबत त्यांचा सारांश, म्हणजे समरी स्टेटमेंट. ‘टीमने हे केलं’ असं लिहिलं तर तपासणाऱ्याला अर्जदार दिसतच नाही. कुठलं गणित तुम्ही मांडलं, मटेरियल का बदललं, चाचणीत काय फसलं, ते लिहायचं. या गृहस्थांच्या पहिल्या मसुद्यात एका फिक्श्चरचं (यंत्रावर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं) वर्णन होतं, पण क्लॅम्पिंगचा जोर किती धरला आणि का, ते नव्हतं. तो एक परिच्छेद घातल्यावर एपिसोड त्यांचा झाला. विकत घेतलेले सीडीआर पकडले जातात, आणि नकारासोबत पुन्हा अर्ज करण्यावर बंदी येते.

मग नावांचा गुंता. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं. बायकोच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. घाबरण्यासारखं यात काही नाही, पण लपवायचंही नाही. अर्जात ‘इतर नावं’ विचारतात तिथे माहेरचं नाव लिहायचं आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. कागदोपत्री नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रतही.

असेसमेंट आणि इंग्रजीचे निकाल हातात आले की स्किलसिलेक्ट या सरकारी संकेतस्थळावर ईओआय, म्हणजे इच्छा नोंदवणारा फॉर्म, भरतात. तो दोन वर्षं राहतो, त्याला फी नाही. पण नुसता ईओआय भरून वाट बघत बसणं ही फार मोठी चूक आहे. अनेक राज्यांना स्वतःचा वेगळा अर्ज हवा असतो, त्याला आरओआय म्हणतात. तो भरलाच नाही तर तुमच्याकडे कुणी बघतही नाही. राज्यांचे कोटे आणि निकष १ जुलैपासून सुरू होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रम-वर्षात बदलतात. काही राज्यं आधीच तिथे राहून काम करणाऱ्यांना झुकतं माप देतात. ६५ गुण ही फक्त पात्रतेची रेषा. त्याच्या वर कुणाला बोलवायचं हे राज्य ठरवतं, आणि याची हमी कुणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याचा एमएआरएचा (स्थलांतर सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेचा) नोंदणी क्रमांक मागा आणि ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत यादीत तपासा.

बायको पहिल्याच प्रयत्नात पास झाली. नवऱ्याला रायटिंगमध्ये ७ मिळायला दोन प्रयत्न लागले. सीडीआरचा निकाल येईपर्यंत तेहतिसावा वाढदिवस उलटून गेला होता. ३३ ते ३९ वयाला २५ गुण, म्हणजे ५ गेले. वय निमंत्रणाच्या दिवशी मोजतात, नंतर वाढदिवस आला तर फरक पडत नाही. चार महिन्यांत हे सगळं बसणं अवघडच होतं, पण परीक्षा आधी देऊन ठेवली असती तर निदान संधी राहिली असती. शेवटची बेरीज ८०. सव्वा वर्षाने दक्षिण ऑस्ट्रेलियाचं नामांकन आणि निमंत्रण आलं. निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात, त्यामुळे कागद आधीच जमवून ठेवले होते.

आता त्यांचा मूळ प्रश्न. ४९१वरून पीआर मिळतो तो सबक्लास १९१ या व्हिसाने. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला पुन्हा गुण लागत नाहीत, राज्याचं नामांकन लागत नाही, स्किल असेसमेंट लागत नाही. ४९१ हातात येऊन किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. त्या काळात रीजनल भागातच राहून, तिथेच काम किंवा शिक्षण केलेलं असावं लागतं. आणि ऑस्ट्रेलियाच्या कर विभागाची तीन आर्थिक वर्षांची नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्न भरल्यावर मिळणारा कर-आकारणीचा कागद, लागते. यातलं बरंचसं तुमच्याच हातात आहे, म्हणून भीती इथे नको असं आम्ही म्हणतो. अर्ज मात्र ४९१ची पाच वर्षं संपायच्या आत करायचा.

‘रीजनल’ म्हटलं की डोळ्यांसमोर ओसाड गाव येतं. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही महानगरं सोडली तर उरलेला देश रीजनल धरला जातो. अख्खं ॲडलेड आणि अख्खं पर्थ त्यात येतं. मेलबर्नला फिरायला जाता येतं, राहायला किंवा नोकरीला नाही. ॲडलेडमधली संरक्षण क्षेत्रातली बरीच कामं सिक्युरिटी क्लिअरन्स मागतात आणि त्याला सहसा नागरिकत्व लागतं. त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांनी सुरुवातीला खाणकाम, पंप, अन्नप्रक्रिया आणि देखभाल अशा क्षेत्रांतच नोकरी शोधलेली बरी.

ही वर्षं वाया जात नाहीत. नागरिकत्वासाठी चार वर्षांचा कायदेशीर रहिवास लागतो आणि त्यातले शेवटचे १२ महिने पीआरवरचे. ४९१वरचा काळ त्या चारांत धरतात. मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवाही मिळते. अडतं ते घराशी. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात तात्पुरत्या व्हिसावरच्यांना जुनं बांधलेलं घर घ्यायला बंदी आहे, काही अपवाद सोडून.

नवऱ्याला पहिली नोकरी मे महिन्यात लागली. तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. ‘दोन महिन्यांच्या पगाराचा काय रिटर्न भरायचा?’ असा त्यांचा निरोप आला. उत्तर एका ओळीचं होतं : भरा, तीन नोटिसांतली पहिली हीच. पुढे घर बदललं तेव्हा नवा पत्ता त्यांनी १४ दिवसांच्या आत कळवला. तीही व्हिसाची अटच आहे. बायकोने घरात एक निळी फाइल केली आहे. तिच्यात भाडेकरार, विजेची बिलं आणि ती पहिली नोटीस तारखेप्रमाणे लावलेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोटिशीसाठी तिने रिकामे कप्पे ठेवले आहेत.