आजोबांचा होल्टर रिपोर्ट आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी सांगलीची, बारावी सायन्सला आहे. बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही घेतलंय. आजोबांच्या हृदयाची चोवीस तासांची होल्टर तपासणी झाली, तेव्हापासून ठोके सारख्या अंतराने का पडत नाहीत हा प्रश्न मनातून जात नाही. त्यातून केऑस थिअरीबद्दल वाचलं. मला त्यातच काम करायचंय. बाबा म्हणतात, आधी नीटची परीक्षा दे, डॉक्टर हो, गणिताचं मग बघू. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. घरातल्या माणसाचा रिपोर्ट हातात आला की आपण आकडा नॉर्मल आहे ना एवढंच बघतो. तू 'का' विचारलंस.

आधी एक प्रयोग कर, कॅल्क्युलेटर पुरेल. ०.४ घे. त्याला १ वजा ०.४ ने गुण, मग ३.२ ने. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, असं वीस-पंचवीस वेळा. उत्तरं ०.५१३ आणि ०.७९९ या दोन आकड्यांत आलटून पालटून फिरू लागतील. ३.२ ऐवजी ३.५ घेतलंस तर चार आकडे फिरतील. ३.९ घेतलंस की कशातच मेळ उरणार नाही, आणि तरी नियम तोच, इवलासा. साध्या, ठरलेल्या नियमातून असं बेभरवशाचं वागणं निघतं, त्यालाच केऑस म्हणतात.

१९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लिऑन ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या, आपोआप धडधडणाऱ्या हृदयपेशींच्या गोळ्यांना ठरावीक अंतराने विजेचे झटके दिले. अंतर बदलत गेलं तशी ठोक्यांची लय दुप्पट लांबीची झाली आणि पुढे विस्कटली. कॅल्क्युलेटरवर दिसतं तेच जिवंत पेशींत दिसलं.

पण 'निरोगी हृदय केऑटिक असतं' हे वाक्य वाचलं असशील तर जरा थांब. निरोगी हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही हे खरं. पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात तेव्हा, ठोके त्याहूनही अनियमित पडतात, आणि तो आजार आहे. नॉर्मल लय गणिताच्या अर्थाने केऑटिक आहे का, यावर २००९ मध्येही या विषयाच्या नियतकालिकात तज्ज्ञ वाद घालत होते. मला वाटतं, या क्षेत्रात 'केऑस' शब्दाच्या प्रेमात पडलेल्यांपेक्षा गोंगाटाने भरलेला डेटा शांतपणे चाळणारे टिकतात.

तू त्यातली आहेस का, हे आत्ताच कळेल. फिजिओनेट या साइटवर एमआयटी-बीआयएच नावाचा ईसीजींचा संग्रह फुकट मिळतो : ४७ जणांची, अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्ड्स. ११९ क्रमांकाचं उघड. दोन ठोक्यांमधलं प्रत्येक अंतर आडव्या अक्षावर, त्याच्या पुढचं उभ्या अक्षावर, असे ठिपके मांड. पायथन येत नसेल तर एक्सेल चालेल. एक पुंजका कर्णरेषेवर बसेल, बाकीचे तिच्यापासून लांब. नॉर्मल ठोक्यापाठोपाठ एक ठोका लवकर येतो, मग मोठी विश्रांती, असं चालू असतं तेव्हा ते लांबचे पुंजके तयार होतात. यात दुपार कशी गेली कळलं नाही, तर तुझं उत्तर तुला मिळालं.

आता बाबांचं. त्यांची काळजी रास्त आहे, आणि नीट देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पेशंटजवळ बसायची ओढ असेल तर एमबीबीएसच कर, पण तिथे पुढची काही वर्षं गणिताला हात लागणं अवघड, हे धरून चाल. तुझ्या पत्रात मात्र पेशंटपेक्षा लय जास्त आहे, म्हणून माझा कौल पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसला. त्याच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही विषय असतात, तुझी दुहेरी तयारी तिथे वाया जात नाही. पुढे पीएचडीसाठी परदेशीच जावं लागतं असंही नाही. बंगळुरूच्या आयआयएससीत राहुल पंडित आणि चेन्नईच्या मॅथेमॅटिकल सायन्सेस संस्थेत सिताभ्र सिन्हा यांनी हृदयाच्या स्नायूंत फिरणाऱ्या, लय बिघडवणाऱ्या विजेच्या सर्पिल लहरींवर काम केलंय. इंजिनिअरिंगला गेलीस तरी पुढच्या शिक्षणासाठीच्या गेट परीक्षेत बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे.

पीएचडी धरून दहा वर्षं लागतील, हे बाबांना आधीच सांग. आणि आयएटीचा फॉर्म नीटच्या बरोबरीने भर, तारीख चुकली तर वर्ष जाईल.