टेक्निकल लिफाफ्यातच बाद केलं, आता अपील कुठं?

सोलापूरच्या एका कॉन्ट्रॅक्टर दादांनी विचारलंय, ३ कोटींच्या रस्त्याच्या टेंडरला बिड कपॅसिटी, म्हणजे हातातली कामं धरून आणखी काम पेलायची क्षमता, कमी पडते म्हणून टेक्निकललाच, म्हणजे पात्रता तपासायच्या पहिल्या लिफाफ्यातच, अपात्र ठरवलं, आणि जे ८० लाखांचं काम मागच्या वर्षीच पूर्ण झालंय ते ऑफिसनं चालू कामात धरलंय.

दादा, आधी आकडे बघू. फॉर्म्युला ए गुणिले एन गुणिले २ वजा बी, ए म्हणजे एका वर्षातलं सगळ्यात जास्त काम, एन म्हणजे मुदतीची वर्षं आणि बी म्हणजे हातातली शिल्लक कामं. तुमचं ए २ कोटी, एन १ वर्ष, गुणिले २, झाले ४ कोटी, त्यातनं शिल्लक कामं म्हणून त्यांनी दीड कोटी वजा केले म्हणून अडीचच उरले, पण ते ८० लाख काढले की ३ कोटी ३० लाख होतात. म्हणजे तुम्ही सरळ पात्र आहात.

पण सगळं एका कागदावर अडलंय, काम पूर्ण झाल्याचा दाखला मुदतीच्या आत महाटेंडर्स या सरकारी टेंडर पोर्टलवर चढवला होता का? नसेल तर मी कोर्टात जा म्हणणार नाही, पैसे घालवू नका. असेल तर आजच कार्यकारी अभियंता आणि अधीक्षक अभियंता दोघांना लेखी हरकत द्या, दाखला जोडा, फायनान्शियल, म्हणजे दरांचा दुसरा लिफाफा उघडू नका असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. नुसत्या फोनवर विसंबू नका. टेंडरच्या अटीत हरकतीची किंवा अपिलाची मुदत दिली असेल तर ती पाळायचीच.

ऐकलं नाही तर सोलापूरच्या दिवाणी कोर्टात जाऊ नका, तिथं सरकारला आधी २ महिन्यांची नोटीस लागते आणि स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर रस्त्यासारख्या कामांना मनाई हुकूम मिळणं जवळपास बंदच झालंय. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करायची, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय त्यामुळं मुंबईची फेरी वाचते. 'मी कमी दरात करतो' हे तिथं चालत नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट ऑफिसनं निर्णय कसा घेतला तेवढंच बघतं, म्हणून समोर असलेला दाखला न बघता बाद केलं, हाच मुद्दा धरायचा. आणि उशीर अजिबात नको, वर्क ऑर्डर निघाली की कोर्ट हात आखडतं, २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं रस्त्याच्याच कामात सांगितलंय की स्टे देण्यापेक्षा नुकसानभरपाई मागायला लावा. तोवर दुसऱ्याला काम मिळालं असेल तर त्यालाही पार्टी करावं लागेल.

पोर्टलवरचा अपात्रतेचा शेरा, तुमच्या अपलोडची पोच आणि दाखला एवढं आज काढून ठेवा आणि दुसरा लिफाफा कधी उघडणार ती तारीख कळवा.