निकटदृष्टी, ऱ्हस्वदृष्टी आणि 'लांबचा नंबर'

प्रश्न असा आला आहे: 'निकटदृष्टी' म्हणजे जवळचं दिसतं की दिसत नाही? 'ऱ्हस्वदृष्टी' तिच्याहून वेगळी का? आणि माणसाच्या स्वभावाबद्दल हा शब्द वापरता येतो का?

पहिल्याचं उत्तर: जवळचं दिसतं, लांबचं धूसर दिसतं. निकटदृष्टी, निकटदृष्टिता, ऱ्हस्वदृष्टी, लघुदृष्टी ही सगळी मायोपियाचीच नावं. शाळेच्या विज्ञानात 'निकटदृष्टिता' भेटते, जुन्या वळणाच्या लेखनात 'ऱ्हस्वदृष्टी' अधिक.

गोंधळ होतो तो बोलीमुळे. बोलताना आपण चष्म्याचा नंबर सांगतो आणि नंबर सांगतो तो जे दिसत नाही त्याचा. 'तिला लांबचा नंबर आहे' म्हणजे तिला लांबचं दिसायला चष्मा लागतो. शास्त्रीय नाव मात्र जे दिसतं त्यावरून पडलं. म्हणून लांबचा नंबर असलेल्या मुलीला निकटदृष्टी असते, आणि 'निकट'चा अर्थ 'जवळचा नंबर' असा लावला की सगळंच उलटं होतं. जवळचा नंबर बहुधा चाळिशीचा. मराठीने तर वयाला, त्या वयातल्या दोषाला आणि चष्म्यालाही 'चाळिशी' म्हणून टाकलं. 'माझी चाळिशी कुठे गेली?' असं विचारणारा माणूस हरवलेलं तारुण्य शोधत नसतो.

चकणा, तिरळा, रातांधळा असे घरगुती शब्द आपल्याकडे आहेत. मायोपियासाठी तसा एका शब्दाचा ऐवज मला आढळलेला नाही. तिथे आपण सरळ वाक्यच करतो, 'त्याला लांबचं नीट दिसत नाही'. 'ढापण्या' आहे, पण ती चष्म्याची टिंगल. नंबर कसला ते त्यातून कळत नाही.

मला स्वतःला 'ऱ्हस्वदृष्टी' जास्त पटतो, कारण त्यात नजरेची लांबी आहे. या दोषात डोळ्याचा गोळा बहुधा पुढून मागे थोडा जास्त लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. उपाय अंतर्वक्र भिंगाचा, म्हणून नंबर उणे. उणे २ नंबर असेल तर चष्म्याविना साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, उणे ४ असेल तर २५ सेंटिमीटरपर्यंत. आखूड झालेली नजर अक्षरशः मोजता येते. (मूळ ग्रीक नावाचा रोख वेगळाच आहे, डोळे मिटण्याकडे: असा माणूस लांबचं पाहताना डोळे किलकिले करतो, त्यावरून.)

लेखनाचं थोडं. संस्कृतात 'ह्रस्व', मराठीत उच्चाराप्रमाणे 'ऱ्हस्व' रूढ आहे. 'ह्रास'चं 'ऱ्हास' झालं तसंच. शेवटी आली तर 'दृष्टी' दीर्घ, समासात आधी आली की ऱ्हस्व: दृष्टिदोष, दृष्टिपटल, दृष्टिकोन. म्हणजे 'ऱ्हस्वदृष्टी'तली 'ष्टी' दीर्घच लिहायची!

आता स्वभावाबद्दल. 'ऱ्हस्वदृष्टीचं धोरण' हा प्रयोग अग्रलेखी थाटाचा आहे, पण चूक नाही. डोळ्यांबद्दल बोलताना 'ऱ्हस्वदृष्टी असलेला रुग्ण' म्हणावं. 'ऱ्हस्वदृष्टीचा माणूस' म्हटलं की ऐकणारा टीकाच समजेल. 'संकुचित दृष्टी' याच्या जागी चालणार नाही. संकुचित माणूस आपल्या गटापलीकडे पाहत नाही, ऱ्हस्वदृष्टीचा आजच्यापलीकडे; एकाच माणसात दोन्ही असू शकतं, तो भाग निराळा. 'नाकासमोर चालणारा' तर मुळीच नको, ती साध्या सरळ माणसाची स्तुती आहे. साध्या गद्यात मी 'अदूरदर्शी' किंवा 'पुढचा विचार न करणारा' लिहीन.

खरी पंचाईत विरुद्ध बाजूला आहे, जवळचं धूसर दिसण्याच्या दोषाच्या नावात. 'दूरदृष्टी' हा मराठीत इतका पक्का गुण झालाय की 'आजोबांना दूरदृष्टी आहे' हे वाक्य कुणी डोळ्यांच्या तक्रारीचं मानणार नाही. 'दीर्घदृष्टी'चीही तीच गत. दोषासाठी शेवटी 'ता' जोडून 'दूरदृष्टिता' म्हटलं की ही अडचण बरीचशी सुटते, आणि त्याच जोडीने 'निकटदृष्टिता'ही पाठ्यपुस्तकात शोभतो. घरी बोलताना मात्र 'लांबचा नंबर'च म्हणावं.