खासगी वैमानिकाचा परवाना असला तरी विमानतळावर वेगळा बॅज किंवा पास का लागतो?

तुम्ही पुण्यात राहता, अमेरिकेत जाऊन पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, काढायचा विचार आहे आणि परवाना हातात आल्यावर आणखी पासाची भानगड कशाला, असं विचारलंय. मीही तिकडेच परवाना काढला, आता विमाननगरला राहतो. तर सांगतो: परवाना विमान उडवण्याचा असतो, फाटकातून आत जायचा नाही. दोन्हींचे नियम वेगळे, आणि एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही.

आधी अमेरिकेचं. प्रवासी विमानं येत नाहीत अशा छोट्या विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी फाटकाला नुसता आकडे दाबायचा कोड असतो. पण एअरलाइनची विमानं सुटतात तिथे तुमचं विमान कायम उभं राहणार असेल, तर पार्श्वभूमीची तपासणी होऊन मिळालेला बॅज लागतो. २००८ च्या अखेरीस टीएसएने, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने, काढलेल्या सुरक्षा निर्देशामुळे हे ओझं खासगी वैमानिकांवर आलं. बॅज त्या एका विमानतळापुरता. शेजारच्या गावी विमान हलवलं की पुन्हा पहिल्यापासून. मला सगळ्यात खटकलं ते हे की निर्देश गोपनीय होता. ज्यांनी पाळायचा त्यांनाच तो वाचायला मिळत नव्हता. वैमानिकांच्या संघटनांनी जोर लावला, तेव्हा २००९ मध्ये बाहेरगावाहून उतरणाऱ्यांना बॅजमधून सूट मिळाली.

बॅज नसण्याची ही सवलत म्हणजे नेमकं काय, ते मला एका संध्याकाळी कळलं. अनोळखी विमानतळावर इंधनासाठी उतरलो, कार्यालयातून बाहेर पडून रस्त्यापलीकडे जेवायला गेलो. परत येतो तो कार्यालय बंद, दिवे मालवलेले. जाळीच्या कुंपणातून माझं छोटं सेसना विमान पन्नास पावलांवर दिसत होतं, पंखांना दोर बांधलेलं. खिशात परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, विमानाची किल्ली, सगळं होतं. फाटक उघडणारं कोणी नव्हतं. दारावरच्या नंबरवर फोन केल्यावर पाऊण तासाने सुरक्षा कर्मचारी गाडी घेऊन आला. त्याने ओळखपत्र पाहिलं, विमानाचा नोंदणी क्रमांक विचारला आणि विमानापर्यंत सोबत आला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण तोवर ढग खाली उतरले होते आणि रात्र तिथेच काढावी लागली. मला काळजी वाटते ती ह्याची: उशीर झालेला वैमानिक घाई करतो, आणि घाईत उड्डाणाआधीची विमानाभोवतीची फेरी उरकली जाते.

बॅज मिळाल्यावरही सवयी बदलाव्या लागतात. मागून येणाऱ्यासाठी दार धरायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं. तिथे तोच गुन्हा. आत शिरलात की फाटक पूर्ण बंद होईपर्यंत थांबायचं, मागे रोजचा मित्र उभा असला तरी. त्याने त्याचंच कार्ड लावायचं.

आता पुणे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. प्रवासी टर्मिनल म्हणजे तिला जोडलेला नागरी भाग. तिथे फाटकावर सीआयएसएफ हे केंद्रीय सुरक्षा दल, आणि आत जायचा पास, म्हणजे एअरपोर्ट एन्ट्री परमिट, बीसीएएसच्या, म्हणजे नागरी विमान सुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या, नियमांनुसार. बीसीएएस जन्मलं ते १९७६ च्या विमान अपहरणानंतर, १९७८ मध्ये. १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने उडवल्यावर १९८७ पासून ते स्वतंत्र खातं झालं. त्यामुळे तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. अडचण पासाच्या रचनेत आहे. अर्ज तुम्ही एकट्याने करत नाही, संस्थेमार्फत जातो, तिच्या अधिकृत माणसाच्या सहीने. मग पोलिस पडताळणी, सुरक्षेचं प्रशिक्षण, आणि पासावर कोणत्या भागात जायची मुभा आहे त्याची अक्षरं. नोकरी सोडली की पास परत. सगळं नोकरदार डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं. हौसेने उडणाऱ्या माणसाची संस्था कोणती? त्याला एखादा क्लब किंवा विमान चालवणारी कंपनी धरावीच लागते. परवान्यालाच जोडलेला, देशभर चालणारा पास खासगी वैमानिकाला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पुण्यातून उडायचं स्वप्न असेल तर फक्त लोहगाव धरून बसू नका, बारामतीचीही चौकशी करा. तिथे प्रशिक्षण संस्था आहेत, नियमित प्रवासी विमानांची वर्दळ नाही. कुठेही पैसे भरण्याआधी विचारा: पास कोणामार्फत निघणार, किती दिवसांत, आणि तो येईपर्यंत मला आत कोण नेणार? अमेरिकेला जाणार असाल तर प्रशिक्षण सुरू होण्याआधीच टीएसएची मंजुरी आणि बोटांचे ठसे लागतात; त्याचे दिवस धरूनच तिकीट काढा. आणि आधारवरचा पत्ता व राहता पत्ता आत्ताच एक करून ठेवा. परत आल्यावर माझा पासाचा अर्ज पडताळणीतून त्याच कारणाने माघारी आला होता.