लोकलहोस्ट म्हणजे नक्की कुठलं यंत्र?

प्रश्न : माझ्या विंडोज लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाकून पीएचपी आणि मायएसक्यूएल शिकायचंय. झेपेल का?

झेपेल. व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपच्या आत दुसरं, आभासी यंत्र (व्हीएम) उभं करतं. पण त्यात उबंटू या लिनक्सची डेस्कटॉप आवृत्ती नको, सर्व्हर घ्या. डेस्कटॉपच्या सजावटीत जाणारी रॅम वाचते, आणि पुढे खऱ्या सर्व्हरवर काम करताना समोर टर्मिनलच असतं, त्याचा हात आत्ताच बसतो. २ जीबी रॅम, २ कोअर आणि २५ जीबी डिस्क पुरते. एक मात्र बघा : एवढ्या डिस्कवर उबंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएममध्ये (डिस्कच्या जागेची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेत) रूटला, म्हणजे मुख्य विभागाला, साधारण निम्मीच जागा देतो. त्याच पानावर ती वाढवून घ्या. व्हीएमच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजची स्वतःची व्हीएम-यंत्रणा, हायपर-व्ही, आड आलेली आहे आणि वेग त्यामुळे मंदावतोय.

प्रश्न : व्हीएममध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू आहे. आतून कर्ल या कमांडने मागितलं की पान येतं, पण लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं की काहीच उघडत नाही. फायरवॉलही बंद करून पाहिली.

फायरवॉल आधी चालू करा. लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. लॅपटॉपने म्हटलं तर लॅपटॉप, व्हीएमने म्हटलं तर व्हीएम. नॅटवर (व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ नेटवर्क सेटिंगवर) ठेवलेल्या व्हीएमला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आणि लॅपटॉपला तिथे थेट जाताच येत नाही. म्हणून लॅपटॉपच्या पोर्टवर आलेली मागणी व्हीएमकडे वळवणारा पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम घाला : होस्ट (लॅपटॉप) पोर्ट ८०८०, गेस्ट (व्हीएम) पोर्ट ८०. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे अपूर्णविराम (:) देऊन ८०८० लिहा. होस्ट आयपीची चौकट रिकामी सोडू नका, तिथे १२७.०.०.१ (लॅपटॉपचा ‘मी स्वतः’ पत्ता) भरा. नाहीतर हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही तुमची अर्धवट साइट उघडू शकतो.

उद्या व्हीट (जावास्क्रिप्टची साइट बनवताना वापरायचं साधन) चालवाल तेव्हा हीच अडचण वेगळ्या रूपात येईल. त्याचा डेव्ह सर्व्हर मुळात व्हीएमच्या आतल्या लोकलहोस्टवरच ऐकतो, त्यामुळे ५१७३ चा नियम घालूनही पान येत नाही. त्याला होस्ट म्हणून ०.०.०.० द्या, म्हणजे तो बाहेरूनही ऐकेल. मायएसक्यूएलला मात्र असं उघडं करू नका, एसएसएच टनेलमधून (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणीतून) जोडा.

प्रश्न : कोड लॅपटॉप आणि व्हीएम दोघांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. सीएसएस बदललं तरी जुनंच दिसतं, फाइल बदलली की कळायला हवं तो वॉचर जागा होत नाही, आणि एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकणं) सिमलिंकवर, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यावर, अडकतं.

या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात. शेअर्ड फोल्डर ही लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम नाही. होस्टवर फाइल बदलली तरी त्याची आयनोटिफायची (लिनक्समध्ये फाइल बदलल्याचं कळवणाऱ्या सोयीची) सूचना आत पोहोचत नाही, म्हणून वॉचर झोपलेला राहतो. पोलिंग (थोड्या थोड्या वेळाने फाइल स्वतः तपासणं) लावलं की जागा होतो, पण प्रोसेसर खातो. जुनं सीएसएस येतं ते सेंडफाइल या फाइल पाठवण्याच्या सोयीमुळे. एनजिनएक्समध्ये ते बंद केलं की प्रश्न सुटतो. सिमलिंक बनवायला व्हर्च्युअलबॉक्स तिथे मूळ सेटिंगमध्ये परवानगी देत नाही.

हे एकेक ठिगळ लावत बसण्यापेक्षा कोडच व्हीएमच्या आत ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएच एक्स्टेन्शनने एडिटर लॅपटॉपवर राहतो आणि फाइल्स आत. हजारो छोट्या फाइल्सचं नोड मॉड्यूल्स (एनपीएमने टाकलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) शेअर्ड फोल्डरमधून वाचणं किती संथ असतं, हे एकदा दोन्हीकडे बिल्ड चालवून बघा.

प्रश्न : मित्राची व्हॅग्रंटफाइल (व्हीएम आपोआप उभी करायची सूचना-फाइल) माझ्या एम२ मॅकवर चालत नाही.

त्याचा बॉक्स (व्हीएमचा तयार साचा) इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी बनलेला आहे, तुमचा मॅक आर्म आहे. आर्म६४ चा बॉक्स शोधा. व्हर्च्युअलबॉक्स वापरायचं तर ७.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल. नुसतं उबंटूच हवं असेल तर मल्टिपास हे उबंटूच्या व्हीएम चालवणारं साधन सोपं पडतं.

प्रश्न : रोज व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंदलेली स्थिती) घेतो. बॅकअप झाला ना?

नाही. स्नॅपशॉट मूळ डिस्क-फाइलवरच अवलंबून असतो. ती फाइल बिघडली किंवा लॅपटॉप गेला की दोन्ही गेलं. अपडेट करण्याआधी परतीची वाट म्हणून स्नॅपशॉट घ्यावा, काम झालं की काढून टाकावा. साठत गेले की डिस्क भरते.

जपायच्या गोष्टी तीनच : गिटवर ढकललेला कोड, डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली नक्कल), आणि ज्या कमांडनी व्हीएम उभी केली त्यांची एक शेल स्क्रिप्ट. आत काही नवीन टाकलंत की त्याच दिवशी ती ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. महिन्यातून एकदा त्या तिघांवरून शेजारी कोरी व्हीएम उभी करून पाहा. तिच्यात साइट उघडली, की मग जुनी पुसा.